पलटणीचा पडाव आणि मामाजींची बांधी

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी कामठीच्या छावणीचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा झालंच तर माझं भांडण इंग्रजांशी होईल अशी समजूत होती. झालं ते सासऱ्यांशी.

मी भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकवायचो. पीएचडीला विषय हवा होता. कामठीला सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परतता येतं, एवढ्यावर विषय ठरला. गोऱ्यांच्या कबरी वाचून झाल्या, बराकी फाटकाबाहेरून पाहून झाल्या, कारण पहारेकऱ्याला माझा चेहरा पसंत नव्हता. मग कामठीहून रायपूरकडे कूच करणाऱ्या पलटणींच्या मुक्कामांची एक जुनी यादी हाती लागली. त्यात लाखनीजवळचं माझ्या बायकोचं माहेर! सडकेच्या डाव्या हाताला, मोठ्या विहिरीला लागून पडाव, असं स्वच्छ लिहिलेलं.

ती विहीर मला ठाऊक होती. तिला लागून मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, बांधी होती आणि तिथल्या धानाचा भात मी लग्नापासून खात होतो.

दुसऱ्याच दिवशी सासरी पोचलो. मामाजी घराच्या पुढल्या सपरीत बसून गावच्या पटवाऱ्याला चहा पाजत होते. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"मामाजी, विहिरीजवळची बांधी तुमची नाहीच! कामठीच्या फौजेचा सरकारी पडाव आहे तो. लेखी पुरावा आहे माझ्यापाशी!"

पटवाऱ्यानं कप खाली ठेवला. "लेखी? पाहू द्या बरं, प्रोफेसरसाहेब."

मी दाखवला. वर उतरवून घ्यायला माझा पेनही दिला.

बायको आधीच माहेरी आलेली होती. तिनं मला आत ओढलं. "त्या बांधीचा कागद आजोबापासून अर्धाच पडून आहे. बाबा इतके साल त्या पटवाऱ्याले चहा काहून पाजून राहिले, वाटलं तुमाले? त्यानं तिकडं पाहू नये म्हणून!"

आमच्याकडे जावयाला तोंडावर कुणी बोलत नाही, रीत नाही. त्यापेक्षा बोलले असते तर बरं. दुपारी मला एकट्यालाच पाटावर बसवलं, ताटाभोवती रांगोळी काढली आणि सगळं घर भिंतीला टेकून मी जेवतो ते बघत उभं राहिलं.

"वाढा, वाढा," मामाजी म्हणाले. "जवाईबापू सरकारी पाहुणे आहेत."

"भाऊजी," साळा म्हणाला, "येताना कामठीवरून एखादी तोफ आणली असती, तं काम लवकर झालं असतं."

मी तिसऱ्यांदा भात नको म्हटलं. तरी वाढला. "खाऊन घ्या," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या साली कोन पिकवते का नाही!"

पुढं त्या बांधीवर तहसीलची नोटीस आली. मामाजी भंडाऱ्याला आमच्या घरी आले. मी खुर्ची दिली, बसले नाहीत.

"लिहून द्या."

"काय, मामाजी?"

"हेच, का तुमाले यातलं काही समजत नाही."

जागा मी अचूक ओळखली होती. साऱ्या संशोधनात माझं बिनचूक असं तेवढंच. पण धानाच्या रोवण्याला पंधरा दिवस होते, बांधीत रोपांचे पऱ्हे हिरवेगार उभे होते, आणि बायको घरात माझ्याशी पोरांच्या मार्फत बोलत होती. मी तहसीलला गेलो. नायब तहसीलदारांनी माझा कागद भरल्या खोलीत मोठ्यानं वाचला: सदर विषयातील माझे ज्ञान तुटपुंजे असून, जागा ओळखण्यात माझी चूक झाली आहे.

कोपऱ्यातून पटवारी म्हणाला, "मंग ते पीएचडी कायची करून राहिले तुमी?"

सगळे हसले, शिपाईसुद्धा. मामाजी तेवढे हसले नाहीत. त्यांनी कागदावरची माझी सही दोनदा पाहून घेतली आणि मला मागं टाकून एसटी स्टँडकडे चालू लागले.

बांधी वाचली. मामाजी मात्र पुढं माझ्याशी "या", "बसा", "घ्या" याउपर कधी बोलले नाहीत. माझ्या प्रबंधात कामठीची पलटण भंडाऱ्याहून निघते ती लाखनीला न थांबता थेट साकोलीला पोचते. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "एवढं अंतर चालून ही माणसं मधे कुठं थांबलीच नाहीत?"

"नाही सर," मी म्हटलं. "त्या पट्ट्यात थांबणं धोक्याचं होतं."