नऊ वाजता उघडणारी वाट

सर्व्हे रिपोर्टातल्या ‘सध्याचा वापर’ या रकान्यात मी ‘आहे’ लिहिलं होतं आणि साहेबांचं बोट नेमकं त्याच शब्दावर थांबलं.

“आप्पा, हाई काय लिखं?” गळ घालायची असली की साहेब अहिराणीवर येतात.

“पायवाट वापरात आहे, साहेब. म्हणून लिहिलं.”

मी सर्व्हेअर. धानोऱ्याचा. हातात जीपीएस धरून चालायचं, की चाललेली वाट त्यात आपोआप उमटते. ती ऑफिसात येऊन नकाशावर चढवायची. धडगावच्या वरच्या डोंगरात एक धबधबा आहे, तिथे पर्यटकांसाठी ट्रेल करायचा होता. ट्रेल म्हणजे पायवाटच, फक्त तिला बोर्ड, रेलिंग आणि गेट असतं.

वाट दाखवायला पाड्यावरची गेंदीबाई आली होती. डोक्यावर हंडा, पाय अनवाणी. “तू मागून चाल. मी पाय ठेवते तिथेच ठेव,” म्हणाली. त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच तू, साहेब असो की शिपाई. धबधब्याच्या पायथ्याला कपारीत झरा आहे. उन्हाळ्यात धबधबा आटतो, झरा आटत नाही. अख्ख्या पाड्याचं पाणी तिथलं, आणि बाया ते मजुरीला जायच्या आधी, उजाडायच्या आत भरतात. चढताना बूट घालून माझा जीव जात होता. बाई भरला हंडा घेऊन केव्हाच वर पोचली आणि मला बघून खुशाल हसत होती.

साहेबांना हे सगळं सांगितलं.

“‘आहे’ लिखं ते ग्रामसभाना ठराव लागी. फाईल अटकी जाई. तुमनं काय जाई ऱ्हायनं?”

“बाया पाणी भरतात हो तिथून!”

“मंग भरू द्या ना! गेट काय बायासकरता शे का?”

रिटायरमेंटला चार महिने होते आणि पेन्शनचे कागद त्याच टेबलावर पडले होते. मी ‘आहे’ खोडलं, ‘नाही’ लिहिलं, शेजारी सही केली. माझा हात कोणी धरला नव्हता.

ट्रेल झाला. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, गेटवर वेळ : सकाळी नऊ ते पाच. एरवी कुलूप. पहिल्याच पहाटे बाया रिकामे हंडे घेऊन परत गेल्या. दुसऱ्या दिवशी गेंदीबाई ऑफिसात हजर.

“दादा, तू माझ्या मागे चालला ना? मग सांग ना त्यांना!”

आत गेलो. साहेबांनी फाईल उघडली आणि माझीच सही माझ्यापुढे धरली. बाहेर येऊन तिला म्हणालो, “अर्ज करा, बाई.” ते म्हणताना तिच्याकडे बघवलं नाही. आजही आठवलं की स्वतःची चीड येते.

तिने अर्ज केला नाही. बायांनी पलीकडच्या कड्यावरून नवी वाट पाडली. दुप्पट लांब, अशी खडी की एका हाताने हंडा आणि दुसऱ्याने दगड धरावा लागतो.

रिटायर झालो. यंदा पुन्हा साहेबांचा फोन.

“आप्पा, टूरिस्ट लोकेसनी कड्यावरनी वाट शोधी काढी. तठून धबधबा काय भारी दिखस! ट्रेल नंबर दोन करना शे. कंत्राटवर या ना सर्व्हेले.”

गेलो. वाट डोळ्यांना स्वच्छ दिसत होती. जीपीएस चालूच केला नाही. एका दगडावर तासभर बसलो आणि उतरलो. रिपोर्टात लिहिलं, ‘कडा निसरडा. दरडीचा धोका. पायवाट आढळली नाही.’ खाली सही ठोकली. फाईल अडकली. साहेब अजून माझ्या नावाने खडे फोडतात, फोडू देत.

नकाशावर चढलेली वाट चालणाऱ्याची राहत नाही, एवढं कळायला मला सगळी नोकरी घालवावी लागली. खोटे रिपोर्ट दोन दिले. दुसऱ्याची लाज वाटत नाही. पण त्याने पहिला काही खरा झाला नाही. खालचं गेट अजून नऊलाच उघडतं, आणि गेंदीबाई कड्यावरून पाणी आणते.