सुनेच्या माहेरी रुसून आलेली सासू

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या त्याला सव्वा महिना झाला. सकाळची पूजा झाली, चहा झाला, ऊन खायला म्हणून अंगणात खुर्ची टाकून बसल्या आणि तिथेच गेल्या... लोक अजून भेटायला येतात. डोळ्यांना पदर लावतात, आणि थोड्याच वेळात कोणीतरी तो किस्सा काढतं नि घरभर हसू पसरतं. दुःखाच्या घरात इतकं हसलेलं चालतं का, मला माहीत नाही. त्यांना मात्र नक्की चाललं असतं.

आमची राणी तेव्हा तीन वर्षांची होती. तिचा ताप उतरेना. मी म्हटलं, आजच चिखलीला दवाखान्यात नेऊ. "उद्या पाहू," म्हणून माझे यजमान, सुभाष, मित्राच्या साक्षगंधाला निघून गेले! मी पोरीला कडेवर घेऊन एकटीच जीपने गेले. ताप उतरला, पण माझा राग काही उतरला नाही. पिशवी भरली आणि धामणगाव बढ्याला माहेरी आले. ताप हे निमित्त होतं हो. पोरीचं खाणं, दुखणं, रडणं सगळं माझं, आणि यांच्या वाट्याला नुसते लाड. आईला सांगून टाकलं, मी आता परत जाणार नाही. आणि ते मी रागाच्या भरात बोलले नव्हते.

चौथ्या दिवशी दुपारी आत्याबाई दारात उभ्या. न्यायला आल्या असणार म्हणून मी तोंड फिरवलं. त्यांनी चपला काढल्या, पंख्याखाली बसल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, "विहीनबाई, मीबी रुसून आली. मलेबी चहा टाका."

आईची पंचाईत झाली. विहीण म्हणजे केवढी मानाची, आणि ही तर दुसऱ्या दिवशी आमच्यासोबत तुरीच्या शेंगा सोलायला बसली. शेजारणी मुद्दाम विचारायला येत, "सुनेच्या माहेरी कोनी रुसून येते काय वं?" तर आत्याबाई म्हणत, "माह्या माहेरात आता कोनी राह्यलं नाही. मंग कुठं जाऊ बापा?"

तिकडे सासरे आणि सुभाष करपलेल्या खिचडीवर दिवस काढत होते. आठव्या दिवशी सुभाष आले. जावई आला म्हणून आई शिऱ्याला उठली, तर आत्याबाईंनी तिला खाली बसवलं. "शिरा मंग. आधी पोरीले न्हाऊ घाल म्हना त्याले." भर दुपारी जावईबुवा ओट्यावर पोरीची वेणी घालतायत आणि अर्धी गल्ली बघतेय! पोरगी किंचाळत होती, वेणी सुटत होती. भरवणं, निजवणं, सगळं त्यांनीच. दोन दिवसांनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "हे सारं तू रोज एकटीच करत होती काय वं?" मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एकाच एसटीने घरी आलो.

परवा माहेरी गेले होते. मधल्या खोलीला तिथे अजूनही 'विहीणबाईची खोली' म्हणतात. त्याच खोलीत आईने इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं. लहानग्या सुभाषला घेऊन आत्याबाईही एकदा रुसून माहेरी गेल्या होत्या. महिनाभर वाट पाहिली. सासरचं कुत्रंही फिरकलं नाही. शेवटी आपल्याच पायांनी, खाली मान घालून परत गेल्या...

आमच्याकडे आल्या त्याच रात्री आईला त्या म्हणाल्या होत्या, "तुमची पोरगी रस्त्याकडं पाहत बसली असन, विहीनबाई. मले घरात बसून राहवलं नाही."