विजयकर बाईंची संगणक खोली

शनिवारी शाळा सुटली की विजयकर बाई डबा घेऊन संगणक खोलीत बसत आणि जेवता जेवता पडद्यावरच्या पट्ट्या बघत. काही लाल, काही निळ्या. लाल हळूहळू कमी होत, निळ्या सरकून एकत्र येत. लोक क्रिकेट बघतात तितक्या मन लावून बाई ते बघायच्या. मधेच घास हातात धरून म्हणायच्या, "सरक गं बाई, सरक." मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिघडलंय.

बाई भूगोलाच्या, मी गणिताची. शाळा लालबागची, मराठी माध्यमाची. संगणक आले तेव्हा खोलीची जबाबदारी कोणी घेईना, म्हणून ती भूगोलाकडे गेली. बाई गिरगावच्या, जुन्या घरातल्या. बोलणं शुद्ध, कडक इस्त्रीचं. सहकाऱ्यांना त्या विषयाच्या नावाने हाक मारायच्या. मी 'गणित'.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"बस, गणित. समज, एक कुटुंब आहे. आई लालबागला, बाप काळाचौकीला, मुलं परळला. जेवायला हाक मारली तर सगळे जमेपर्यंत भात थंड. डिस्कचं तसंच होतं. एकाच फाइलचे तुकडे जिथे जागा मिळेल तिथे पडतात आणि ते गोळा करत ती बिचारी गरगर फिरते. मी सगळ्यांना एका घरात आणून बसवते. डीफ्रॅग म्हणतात त्याला."

"आणि एवढ्याने जुनं यंत्र पळेल?"

"पळेल कशाला? चालेल. आपल्याला चालायलाच हवंय."

पट्ट्या सरकवणं हे त्यातलं शेवटचं काम. त्याआधी बाई प्रत्येक यंत्रातले मुलांनी भरलेले खेळ काढत, चालू करताच आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद करत, डिस्कवर मोकळी जागा करत. त्याशिवाय पट्ट्यांना हात लावायचा नाही. "भरलेल्या खोलीत सामान हलवता येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य, "मंद नाहीये, पसरलंय." हे बाई यंत्रांबद्दल म्हणत आणि शिक्षक-खोलीत एखाद्या मुलाबद्दलही. कोणी हसलं तर पुन्हा म्हणत, जरा मोठ्याने.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर संस्थेची इंग्रजी शाळा भरते. तिथे नवी यंत्रं आली होती, फिरणारी डिस्क नसलेली. बाई उत्साहाने तिथेही पट्ट्या सरकवायला गेल्या. एका पालकाने सांगितलं की यांना हे लागत नाही, उलट झीज होते. बाईंना पटेना. मग घरी जाऊन वाचून आल्या आणि म्हणाल्या, "खरंय त्याचं. श्रीमंताघरची लेकरं, यांना फिरावंच लागत नाही."

मग संस्थेचे चिटणीस सामंत साहेब एक दिवस खोलीच्या दारात उभे राहिले. इंग्रजी शाळेला उपक्रमांसाठी खोली हवी होती.

"बाई, ही यंत्रं आता भंगारात काढू. उघडेपर्यंत तास संपतो. मुलांकडे फोन आहेत की."

"फोनवर दहावीचा प्रकल्प टाइप करून दाखवा मला. तक्त्यासकट."

"मी कशाला करू?"

"मग मुलांनी कशाला करावा?"

सामंत साहेब हसले, पण खोलीचा हट्ट सोडेनात. तेव्हा बाईंनी जे केलं ते मला अजून पटलेलं नाही. त्या म्हणाल्या, "खंडेनवमीला पूजेला येणारच आहात. आधी मुलं यंत्रांवर बसतील, मग पूजा. तासाच्या आत सगळ्यांनी काम छापून दिलं नाही तर खोली तुमची."

मी नंतर भांडले. "खोली पणाला कशाला लावलीत?"

"ती त्यांनी मनात घेतलेलीच आहे, गणित. मी परत मागतेय."

आठवडाभर बाई एकेक यंत्र आवरत होत्या. आदल्या संध्याकाळी चार-पाच राहिली, ती पट्ट्या सरकवत चालू ठेवून त्या घरी गेल्या.

सकाळी आम्ही दार उघडलं तर खोलीत अंधार. मुख्य बटण बंद. प्रत्येक यंत्रावर झेंडूची माळ, हळदकुंकू, वर अक्षता. आमचे शिपाई राणे मामा न्हाऊन, टिळा लावून उभे.

"मामा, बंद कोणी केलं?"

"मीया केलंय, बाईनू. आज खंडेनवमी. आज हत्यारांक हात लावूचो नसता. रातभर घरघरत हुती बिचारी, म्हटलं जरा आराम करू दे."

 बाईंनी यंत्रांच्या पंख्यांच्या जाळीवरच्या माळा काढल्या, अक्षता फुंकल्या, बटण दाबलं. बहुतेक यंत्रं उठली. जी काम अर्धवट टाकून बंद झाली होती त्यांचा पडदा निळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं सरकू लागली. नेमके तेव्हाच सामंत साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले.

"निळं पडलं म्हणजे गेलं ना?"

"गेलं नाही. तपासतंय. अचानक झोपवलं की उठल्यावर आधी घर बघतं."

"झोपवलं कोणी?"

मामा भिंतीला टेकले. बाई म्हणाल्या, "खोली माझ्या ताब्यात आहे. जबाबदार मी. बसा."

मुलांच्या स्टुलावर सामंत साहेबांना बसवून बाई दारात उभ्या राहिल्या. मुलं आली. चालू यंत्रांवर दोघं-दोघं बसवली. निळी एकेक करून उठू लागली, तशी मुलं तिकडे सरकली. एक मात्र उठलं नाही. बाईंनी त्याच्यावर हात ठेवला, काढला आणि छपाईयंत्राकडे गेल्या. घंटा व्हायच्या आत शेवटचा कागद बाहेर आला. तक्ता जरा वाकडा होता.

"एक तर गेलंच," सामंत साहेब म्हणाले.

"एक गेलं. खोली नाही गेली. मामा, आता करा पूजा."

तरी पुढच्या वर्षी खोलीची गोष्ट पुन्हा निघाली, त्याच्या पुढच्या वर्षीही. बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभाला सभागृह माजी विद्यार्थ्यांनी भरलं होतं. शाल, श्रीफळ, भाषणं. बाईंना बोलायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला एवढंच हवंय की संगणक खोली कोणाची, हे संस्थेच्या अध्यक्षांनी सर्वांसमोर सांगावं. मी थांबते." आणि माइकपाशी उभ्या राहिल्या.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, सामंत साहेबांकडे पाहिलं. मुख्याध्यापक खोकले. बाई उभ्याच.

"राहील, बाई. तुमचीच राहील."

"माझी नको. नाव घ्या."

"मराठी माध्यमाची संगणक खोली मराठी माध्यमाचीच राहील."

"आभारी आहे," म्हणून बाई खाली बसल्या. त्यांचं भाषण तेवढंच.

त्याच वर्षी दिवाळीनंतर बाई गेल्या. शोकसभेत सामंत साहेबांचा आवाज खरोखर जड झाला होता. खोलीला बाईंचं नाव देऊ, संगमरवरी पाटी लावू, असं ते म्हणाले. खोली आता माझ्याकडे आहे, म्हणून मी उठले.

"पाटी नको. यंत्रांना नव्या डिस्क द्या. जुन्या आता सरकवूनही चालत नाहीत."

"ही वेळ आहे का, बाई?"

"सगळे जमलेत, म्हणून आत्ताच."

सभा संपल्यावर ते जिन्यात भेटले. "तुम्ही अगदी विजयकर बाईंच्या वळणावर गेलात," म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "त्या एकदाच मागायच्या आणि मिळेपर्यंत उभ्या राहायच्या. मी दर सभेला मागणार आहे."