आईचा पाण्याचा वार

आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. मधे बरेच दिवस कोरडे जातात, आणि ज्या दिवशी येतं तो पाण्याचा वार. त्या दिवशी घरी कुणीतरी थांबावंच लागतं. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे कायम आई. अप्पा पैठण रोडवरच्या कारखान्यात, मी आधी शाळेत, मग कॉलेजात, मग नोकरीत. आईचं माहेर फुलंब्रीला, बसमध्ये डुलकी लागते न लागते तोच गाव येतं. पण लग्न असो की बारसं, आई सकाळी जाणार आणि दिवेलागणीला परत. मावशी दरवेळी म्हणायची, "एक रात तर रहा गं." आईचं उत्तर ठरलेलं, "नाय बाई, पाणी यायचंय."

अप्पा निवृत्त झाले आणि मी तिघांची अंदमानची तिकिटं काढली. आई ना विमानाबद्दल बोलली, ना समुद्राबद्दल. म्हणाली, "अन् पाणी?"

शेजारच्या चाचींनी ते कुंपणावरून ऐकलं. "चाबी दे के जाव भाभी. पानी मैं देख लेती."

आईनं किल्ली दिली. आधी हौद, मग पिंप, मग माठ, प्यायचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, हे सगळं चाचींना समजावलं. रिक्षात बसल्यावर पुन्हा उतरून एकदा समजावलं. अप्पा चिडले. मीही चिडले, पण मला आधीच माहीत होतं की हे होणार.

पोर्ट ब्लेअरहून बोटीनं गेलो ते एक लहानसं बेट होतं. मी तशी भोचक, त्यामुळे मला तिथलं सगळंच बघायचं होतं. घड्याळ आपलंच, पण सूर्य मात्र वेगळाच. आपल्याकडे दूधवाला यायच्या वेळेला तिथं लख्ख ऊन, आणि संध्याकाळचा चहा पिऊन होईतो अंधार. दुपारी दुकानदार शटर ओढून सरळ झोपतात आणि गिऱ्हाईकही त्यांना उठवत नाही. समोर किनाऱ्यावर पर्यटक अंगाला तेल लावून पडलेले, आणि रस्ता ओलांडला की भेंडीचं शेत. अप्पा समुद्रापेक्षा त्या भेंडीपाशीच जास्त रमले. "खारं वारं लागून बी काय तरारलीय," असं तीनदा म्हणाले.

आम्ही एका घरातच उतरलो होतो. मालकीणबाई आईच्याच वयाच्या, त्यांचे आईवडील बंगालमधून येऊन इथं वसलेले. खोल्या चार, बाहेर पाहुण्यांसाठी बाक, अंगणात सुपारीची झाडं.

अप्पा आणि मी किनारा बघून आलो, तोवर आईचं काम उरकत आलं होतं. तिनं खोलीतला नळ सोडून पाहिला होता आणि त्याला धो धो पाणी आलं होतं. आता पाणी आलंय म्हटल्यावर आई स्वस्थ बसेल का? तिनं बादल्या भरल्या, न्हाणीतले तांबे भरले, आमच्या बाटल्या भरल्या. धपाटे एका कागदावर काढून ठेवले आणि त्यांचा डबा भरला. वर मालकीणबाईंकडून दोन पातेली मागून आणली, तीही भरली. जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं, "आई, अगं इथं रोज येतं पाणी."

"कुणी सांगितलं तुला?" आई म्हणाली.

ते मलाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

थोड्या वेळानं शेजारच्या खोलीतला नवरा दाढीला फेस लावून ओरडत बाहेर आला. नळ कोरडा. मालकीणबाई धावत आल्या. चारही खोल्यांना मिळून एकच टाकी होती, आणि ती आमच्या खोलीत बादल्यांमधून मांडलेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकीणबाईंनी ती पातेली पाहिली, मग आईकडे पाहिलं. "आपके यहाँ भी रोज नहीं आता?" त्यांनी विचारलं.

"नाय," आई म्हणाली.

दोघींनी मिळून बादल्या खोल्याखोल्यांत पोहोचवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आई समुद्राकडे न जाता त्यांच्याबरोबर घरामागं गेली. छपराचं पाणी पन्हाळीतून मोठ्या काळ्या टाकीत कसं जातं, उन्हाळ्यात विहीर आटली की काय करतात, रात्री पाहुण्यांसाठी घरी कोण थांबतं, सगळं तिनं विचारलं. शेवटच्या प्रश्नावर मालकीणबाई म्हणाल्या, "मैं. और कौन?" त्यांना समुद्राकडे फिरायला जाऊनही बरीच वर्षं झाली होती, आणि समुद्र तर त्यांच्या अंगणातून दिसत होता.

बेटावर फोन नीट लागत नव्हता. लागला तो जेटीपाशी, आणि चाचींचाच होता. आमच्याकडे पाणी येऊन गेलं होतं. आईचा चेहरा एकदम ओढला गेला.

"सब भर दी भाभी. हौद, माठ, सब. आधे घंटे का तो काम है."

आईनं फोन माझ्या हातात दिला आणि तिथल्याच बाकावर बसली. मला वाटलं आता हिचा जीव भांड्यात पडेल. तसं काही झालं नाही. "अर्ध्या घंट्याचं काम," ती म्हणाली. "आन् मी इतकी वर्सं थांबले."

मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी ती मालकीणबाईंना हाताला धरून घराबाहेर काढून किनाऱ्यावर घेऊन आली. दोघी लुगड्यासकट पाण्यात शिरल्या, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. अप्पा विजार दुमडून काठावर उभे होते. आईनं मागं वळून सांगितलं, "अहो, पुढच्या पाण्याला तुम्ही थांबा घरी. मी फुलंब्रीला राहायला जाणार आहे."

अप्पांनी मान डोलावली. मग हळूच विचारलं, "हौदाच्या मोटारचं बटण कुठं हाय गं?"

"दाखवते," आई म्हणाली. "अगुदर मला भिजू द्या."