कुपाटीवर

माझी थोरली बहीण वारून सहा महिने झाले. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिच्याविषयी लिहायला बसले की दर वेळी एकच आठवडा पुढे येतो, मेडशीतला, ती अठरा वर्षांची असतानाचा.

वडील मेडशीच्या शाळेत मास्तर होते. आम्हा दोघींना इंग्रजी यावं म्हणून त्यांनी अकोल्याहून वाक्प्रचारांचं एक जुनं पुस्तक आणलं होतं. त्यात अधीर झालेल्या माणसाच्या पोटात फुलपाखरं उडत. ऐन वेळी ज्याचा धीर सुटे त्याचे पाय गार पडत. वाट पाहणारा सुयांवर बसे, आणि ज्याचं काही ठरत नसे तो कुंपणावर. आम्ही हसून हसून दमायचो. चारचौघांत एकमेकींशी मुद्दाम तसंच बोलायचो, म्हणजे कुणाला कळत नसे.

त्या आठवड्यात अमरावतीहून पत्र आलं. मास्तरणी तयार करणाऱ्या ट्रेनिंग शाळेत बहिणीला जागा मिळत होती. शुक्रवारच्या टपालानं होकार किंवा नकार जायला हवा होता. वडिलांनी निर्णय तिच्यावरच सोडला. हे नवल होतं, आणि तिला तेच जड गेलं. सकाळी जाते म्हणे, दुपारी नाही म्हणे. तव्यावरची भाकरी करपून जाई. मी विचारलं की सांगायची, कुंपणावर आहे.

काय फुसफुसता म्हणून आईनं विचारलं, तेव्हा बहिणीनं अर्थ सांगितला. आमच्याकडे कुंपण म्हणजे कुपाटी, बोरी-बाभळीच्या काट्यांची. आईचे हात पिठात थांबले.

"कुपाटीवर? बसून दाखव बरं मले एकडाव," ती म्हणाली. "इंग्रजाले काटे नाई रुतत काय वं?"

तिघीही हसलो. पण बुधवारी बहिणीनं माझ्या हातात दोन बंद लिफाफे दिले. एकाच्या कोपऱ्यात शाईचा ठिपका होता.

"ठिपकेवाल्यात येतो म्हणून लिवलं. दुसऱ्यात येत नाई. तुले वाटन ते टाक, अन् मले सांगू नको."

"मी काहून?"

"माह्याच्यानं होत नाई."

दोन दिवस ते लिफाफे घेऊन मी घरभर फिरले. ती गेली तर तिच्या वाटणीचं सगळं काम माझ्यावर येणार आणि माझं वाचन संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. टपालाची पेटी शाळेच्या ओट्यावर होती. गुरुवारी बिनठिपक्याचा लिफाफा मी अर्धा आत सरकवला आणि ओढून काढला. शुक्रवारी टपालवाला यायच्या आधी ठिपक्याचा टाकला, दुसरा चुलीत घातला. कारण एकच. अमरावतीच्या वाटेवर नेणारी अकोल्याची मोटार भोंगा वाजवी तेव्हा बहीण हातातलं काम टाकून दारात जाई. रोज. मी तोच तिचा कल धरला.

नंतर आठ दिवस तिनं काही विचारलं नाही. रांजण भरलेला असताना ती पाण्याला जाई, झाडलेलं अंगण पुन्हा झाडी. मी तिच्यासमोर यायचं टाळत असे. मग अमरावतीचं उत्तर आलं, कधी हजर व्हायचं ते सांगणारं. तिनं ते दोनदा वाचलं.

"तुले काहून वाटलं मी जाईन?"

"मोटार वाजली का तू दारात जातं, म्हणून."

ती हसली. "पागल. मी तं भेवानं जात होतो. मले न्यायलेच आली का काय, म्हणून."

थट्टा होती की खरं, मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. ती अमरावतीला गेली, शिकली, मास्तरीण झाली. सुटीत आली की शाळेतल्या पोरींच्या नकला करी आणि मग फार झोपे. तीन वर्षांनी तिथंच विषमज्वरानं तिचा अंत झाला.

भेटायला येणाऱ्या बाया अजून आईला विचारतात, पोरीला इतक्या दूर कायले पाठवलं. आई ताठ बसते.

"आमी नाई पाठवलं. तिनं आपल्या मनानं ठरवलं होतं."

तेवढं एक वाक्य तिला न रडता बोलता येतं. मी शेजारीच असते. परवा माझं तोंड उघडलंही होतं. मग उठले आणि बायांसाठी पाणी आणायला आत गेले.