पक्षी फार हलतात

मुलांच्या वॉर्डात बाकीच्या नर्सना नावं होती, हिला सगळे नुसतं सिस्टर म्हणत. तान्ह्या बाळाची शीर कुणालाच सापडेना झाली, की ‘सिस्टरना बोलवा’ एवढं पुरे. एकदाच टोचायची, तेही बाळाने भोकाड पसरायच्या आत. बत्तीस वर्षं! त्या हाताचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

दुसरा नाद समुद्रपक्ष्यांचा. पन्नाशीला नवऱ्याने कॅमेरा घेऊन दिला आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. सुट्टीच्या दिवशी बाई उजाडायच्या आत धक्क्यावर. मासेमारीच्या बोटी आत शिरल्या की मागे कुरव पक्ष्यांची झुंबड, एकमेकांच्या चोचीतला घास पळवत. त्यातला एक उडताना टिपायचा, पंखाचं पीस न् पीस दिसेल असा. घरी असली तरी तिच्या पायाला भिंगरी. दहादा खिडकीशी जाऊन वारा बघायची.

गेले तीन महिने मात्र एक फोटो धड येईना. पंख पुसट, चोच पुसट.

“हल्ली पक्षी फार हलतात,” ती म्हणाली.

“पूर्वी काय पोझ द्यायचे?” नवरा म्हणाला. “नाचता येईना, अंगण वाकडं.”

ती अशी उसळली की बिचारा चहाचा कप घेऊन गॅलरीत गेला. एरवी तीच आधी हसली असती. तिने कॅमेरा दुरुस्तीला टाकला. काही बिघाड नाही म्हणून तो परत आला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती भांडायच्या तयारीनेच गेली.

दुरुस्तीवाले काका सत्तरीचे, तोलूनमापून बोलणारे. त्यांनी तिचे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले आणि एकावर थांबले. खांबावर बसलेला कुरव, पंख मिटून, ढिम्म. तोही पुसट. खांबालासुद्धा दोन-दोन कडा.

“पक्षी हलतो, कबूल,” काका म्हणाले. “खांब कसा हलेल, बाई?”

“मग लेन्स खराब असेल.”

काकांनी तोच कॅमेरा टेबलावर टेकवून भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढला. काट्यावरची धूळसुद्धा दिसत होती. मग कॅमेरा तिच्या हातात दिला. “आता तुम्ही काढा.”

तिने काढला नाही. पट्टा गळ्यात अडकवून तडक बाहेर पडली. बस स्टॉपवर उजवा हात समोर धरून पाहिला. बोटं थरथरत होती, अगदी बारीक. “मेल्या, तुला आत्ताच सुचलं?” तिने हातालाच दटावलं आणि तो पिशवीत खुपसला. सरळ सांगायचं तर ती घाबरली होती. हा हात गेला तर सिस्टर म्हणून उरलं काय? निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, कशीतरी ढकलायची, असं तिने घरी पोचेपर्यंत ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात आठ महिन्यांचं तापलेलं बाळ आलं. सलाईन लावायचं होतं, पण ड्यूटीवरच्या नर्सला शीर मिळेना. सिस्टरला बोलावणं गेलं. ती खुर्ची ओढून बसली. चिमुकला हात चाचपला, शीर तिला लगेच लागली. सुई टेकवली, ती घसरली. पुन्हा टेकवली.

आईने बाळाला आणखी घट्ट आवळलं. “हलू नको रे राजा! सिस्टर, रागावू नका हो, फार वळवळ्या आहे. मलाच नीट धरता येत नाही.”

बाळ तापाच्या ग्लानीत निपचित पडलं होतं. त्याचं बोटसुद्धा हलत नव्हतं.

सिस्टरने सुई ट्रेमध्ये ठेवली. “त्याला बोलू नका,” ती म्हणाली, आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. “तुम्ही नीटच धरलंय. माझा हात हलतोय.”

मग ती उठली, दुसऱ्या नर्सला खुर्चीत बसवलं आणि तिचं बोट धरून त्या शिरेवर ठेवलं. “इथे आहे. लागली ना? टोच तू.”