भाकरीच्या मापाचा ओटा

घर नांदेडचं, कॉन्ट्रॅक्टर लातूरचा. मेहुण्याने पाठवलेला. पहिल्याच भेटीत त्याने जाहीर केलं की तुमचं स्वयंपाकघर आपण लातूर पॅटर्नचं करू. परीक्षेतले मार्क आणि ओट्याची उंची एकाच पॅटर्नमध्ये कशी बसतात ते मला कळलं नाही. पण लातूरच्या माणसाशी पॅटर्नवरून वाद घालू नये, एवढं मी कॉलेजातल्या नोकरीत शिकलो होतो.

त्याने मोबाइलवर आमच्या होऊ घातलेल्या स्वयंपाकघराचं चित्र दाखवलं. सगळं पांढरंशुभ्र. ओटा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका रेषेत. त्यावर फळांची टोपली, उंच दांड्याचे दोन ग्लास आणि पाठमोरी उभी एक बारीक बाई. तवा कुठेच नव्हता, पाण्याचा हंडाही नव्हता. या घरात कुणी जेवत असेल असा संशय येऊ नये, याची पुरेपूर काळजी घेतली होती.

बायकोने चित्र शेवटपर्यंत बघितलं आणि एकच गोष्ट मागितली. शेगडीच्या डाव्या बाजूचा ओटा थोडा खाली हवा, भाकरी थापण्यापुरता.

ती मुखेडकडची. ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवण झालं असं न मानणाऱ्या घरातली. गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा आखडला. उंच ओट्यावर थापताना कोपर वर जायचं आणि खांद्यातून कळ निघायची. खाली बसून थापावं तर गुडघे ऐकत नव्हते. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तिने नेमाने केले, खांदा बराच सुटला, पण भाकरी थापायची लाकडी काठवट माळ्यावर गेली ती तिथेच राहिली. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या पोळी-भाकरी केंद्रातून भाकऱ्या यायला लागल्या. वाईट नव्हत्या. ती त्या मला वाढायची आणि स्वतः भात घ्यायची.

कॉन्ट्रॅक्टरला मात्र ही मागणी अजिबात पटेना. ट्रॉल्या एकाच मापाच्या येतात, खाली सिलिंडर बसणार नाही, ग्रॅनाइटला जोड येईल, अशी कारणं त्याने दिली. खरं कारण शेवटी आलं. "ओट्याला पायरी केली तर लोक म्हणतील, याला लेव्हल लावता येत न्हाई." त्याची भीती खोटी नव्हती. एकाचं घर दाखवून तो दुसऱ्याचं काम मिळवत असे.

मीही बोलून घेतलं. उंचीची ही मापं जिथे ठरली तिथे लोक पाव विकत आणतात, ज्वारी थापत नाहीत, वगैरे. त्याने "हाव सर, हाव सर" म्हणत आदराने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर चित्रातलीच सरळ रेघ लाल खडूने मारून ठेवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बायकोने ती पुसायला सांगितली.

"सवय होते, काकू," तो समजुतीच्या सुरात म्हणाला.

"तीस वर्षं सवयच करून राहिले, भाऊ. आता जरा ओट्याला करू द्या."

काम थांबलं. मग तोडगा तिनेच काढला. सिमेंट न लावता नुसत्या विटा रचा, वर कडाप्पा ठेवा, मी एक भाकरी थापून बघते. जमली नाही तर तुमची रेघ खरी. तो लगेच तयार झाला. जिंकणारच अशी त्याला खात्री होती. मला तितकी नव्हती.

तिला उभं करून, कोपर वाकवायला लावून आम्ही माप घेतलं. टेपचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. अर्ध्या-पाव इंचावर आम्ही बराच वेळ वाद घातला. विटा रचल्या, कडाप्पा ठेवला, शेजारी शेगडी मांडली. मी माळ्यावरून काठवट काढून धुऊन दिली. तिने गरम पाण्यात पीठ मळलं, गोळा काठवटीत ठेवून हात दाबला आणि थांबली. कोपर पुन्हा वर गेलं होतं.

दोन पुरुष, एक टेप आणि एवढी चर्चा. पण काठवटीला स्वतःची उंची असते, हे कुणाच्याच हिशेबात आलं नव्हतं.

ती पिठाचा हात तसाच धरून उभी राहिली. ठरल्याप्रमाणे आता लाल रेघ खरी ठरत होती, आणि काठवट परत माळ्यावर जाणार होती. कॉन्ट्रॅक्टरने एकदा तिच्या हाताकडे बघितलं, एकदा काठवटीकडे. मग काठवट दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली.

"सर, कडाप्पा धरा," तो म्हणाला, आणि त्याने विटांचा एक थर काढून टाकला.

काठवट पुन्हा वर ठेवली. या वेळी थापताना ती मध्येच थबकली, कळेची वाट बघत असल्यासारखी. कळ आली नाही. मग थापण्याचा आवाज सलग यायला लागला. भाकरी तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला आणि थोड्या वेळाने ती फुगली. कॉन्ट्रॅक्टरने करडईचं तेल आणि तिखट घेऊन ती उभ्याउभ्याच खाल्ली. खाऊन झाल्यावर विचारलं, पीठ सांडू नये म्हणून कडेला पट्टी देऊ का? ती म्हणाली, पट्टी नको, मागे पाण्याच्या वाटीला जागा ठेवा. त्याने पेन्सिलीने ती जागा भिंतीवर आखली आणि लाल रेघ स्वतःच पुसली.

आता त्याच्या मोबाइलवर नवं चित्र आहे. नाव 'भाकरी काउंटर'. कॉम्प्युटरमध्ये काठवट सापडली नाही, म्हणून खालच्या ओट्यावर फळांची टोपली ठेवली आहे. दोन ग्लासही आहेतच.

खांदा पूर्ण बरा नाही. थंडीच्या सकाळी ती दोनच भाकऱ्या करते. पण त्यातली एक तिची असते. ओटा पक्का झाला त्या आठवड्यात तिने मला केंद्रावर पाठवलं, उद्यापासून नको म्हणून सांगायला. तिथली बाई उंच स्टीलच्या टेबलावर थापत होती, कोपरं पार खांद्याच्या रेषेत गेलेली. भाकरीत काही खोट निघाली का, तिने जरा घुश्शातच विचारलं. म्हटलं, नाही, घरचा ओटा खाली उतरवलाय, आता घरीच होतात.

तिचा हात थांबला. "किती खाली?"

मी हाताने दाखवायला लागलो आणि थांबलो. ती माझ्या बायकोपेक्षा चांगली वीतभर उंच होती.

"तुमचं माप वेगळं निघेल," मी म्हटलं. "घरी या एकदा. येताना काठवट घेऊन या."